मधूच्छिष्ट आणि मूर्तिकार

कोल्हापुराजवळ कणेरी मठावर ग्रामजीवनाचे हुबेहूब पुतळे उभे आहेत. ते पाहून परतलेला पाहुणा 'मेणाचे पुतळे पाहिले' असें सहज सांगतो. वस्तुतः ते सिमेंटाचे आहेत. परंतु आपल्या मूर्तिकलेचा मेणाशीं संबंध खरोखरीच फार जुना आहे. मात्र तें मेण कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं.

बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत ही रीत सविस्तर सांगितली आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून उरलेलें मेण. मूर्तिकार प्रथम संपूर्ण मूर्ति मेणाची करी व तिला नळ्या जोडी. मग जाळलेलें तूस, कापूस व मीठ घालून वाटलेल्या मातीचा पातळ लेप तिच्यावर देऊन तो सावलींत वाळवी. त्यावर आणखी दोन लेप चढवी. धातु किती लागेल तें मेणाच्या वजनावरून ठरे: रुपें १२ पट, सोनें १६ पट. सांचा तापविला कीं मेण वितळून बाहेर पडे आणि त्या पोकळींत धातूचा रस ओतला जाई. शेवटीं सांचा फोडावयाचा. एका मेणांतून एकच मूर्ति निघे. रस मध्येंच अडला, तर सारे श्रम वायां जात व पुन्हां मेणापासून आरंभ करावा लागे.

लंडनमध्यें मादाम तुसाँ बाईंनीं १८३५ सालीं जें कायमचें प्रदर्शन मांडलें, त्यांत मेण हीच अखेरची मूर्ति होती. १९२५ च्या आगींत तेथील अनेक पुतळे नष्ट झाले. पण सांचे वांचल्यामुळें पुतळे पुन्हां घडवितां आले. तेथें मूर्ति गेली तरी सांचा उरला. आपल्या रीतींत मेण जातें, सांचा फुटतो आणि मूर्ति तेवढी उरते.

अशा उरलेल्या मूर्तींचा ठेवा आपल्याच गांवीं आहे. १९४४-४५ च्या सुमारास पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर कांशाच्या वस्तूंचा सांठा सांपडला. त्यांत रोमन व्यापाराच्या वाटेनें आलेली पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी मूर्ति आहे, आणि हत्तीवर बसलेल्या माणसांचा सुरेख समूहहि आहे. प्राचीन काळीं अशीं नाजूक कामें बहुधा मेणाच्याच आधारानें ओतलीं जात. टाउन हॉलमधील संग्रहालयांत तीं पाहतांना एवढें ध्यानांत ठेवावें, कीं धातु ओतणाऱ्याच्या आधीं कोणीतरी मऊ मेणावर बोटें फिरविलीं होतीं. त्याचें नांव राहिलें नाहीं, मेणहि राहिलें नाहीं. पण त्या बोटांचें वळण धातूनें जपून ठेविलें आहे.