मॅनिफोल्ड (जुन्या मोटारींचे) : फेरजोडणी

एंजिनाच्या सिलिंडर हेडला जोडलेली अनेक तोंडांची नळी म्हणजे मॅनिफोल्ड. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण सिलिंडरांना वाटते ते इनटेक आणि जळालेले वायू सायलेन्सरकडे नेते ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या मोटारींत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बहुधा बिडाचे असते.

सातारा-सांगली पट्ट्याला बिडाचे काम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी (आता जि. सांगली) वसवून लोखंडी नांगरांचा कारखाना चालवला. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या उद्योगातून पुढे डिझेल एंजिनेही बाहेर पडली. ओतीव भागाचा पृष्ठभाग सपाट करून घेणे हे या कारखान्यांचे रोजचे काम, आणि मॅनिफोल्डची जोडणीही त्यावरच अवलंबून असते.

रचना : ॲम्बॅसडरच्या १४८९ घ. सेंमी. एंजिनात दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात. हेडला इनटेकची दोन आणि एक्झॉस्टची तीन तोंडे असतात. काही स्टडांवरचा एकच जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डच्या कडा दाबून धरतो. या कडांची जाडी सारखी नसेल, तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू घट्ट होते आणि दुसरी गळते.

लक्षणे : इनटेकला फट राहिली, तर एंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि गाडी स्लोवर टिकत नाही. इनटेकचे एक तोंड दोन सिलिंडरांना पुरवठा करत असल्याने दोन्ही एकदम बिघडतात. एक्झॉस्टची गळती थंड एंजिनात टकटक आवाजाने कळते. तापल्यावर बीड प्रसरण पावते आणि आवाज बऱ्याचदा कमी होतो. पॅकिंगवर काजळीची रेघ दिसते.

कृती : एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, नटांना आधी तेल मुरवून, काम सुरू करावे. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे. पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेजने फट मोजावी. वाक आढळल्यास दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून एकाच वेळी फेसिंग करून घ्यावे, म्हणजे दोन्ही एका पातळीत येतात. स्टडचे आटे साफ करून नवे पॅकिंग लावावे. एक्झॉस्टला पितळी नट वापरल्यास ते गंजून अडकत नाहीत. सर्व नट आधी हाताने बसवावेत, मग मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत कसावेत. एंजिन तापवून पुन्हा थंड झाल्यावर शेवटची कसणी करावी.

खंबाटकी किंवा पसरणीसारख्या घाटात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फार तापते. त्यावर एकदम थंड पाणी पडल्यास बीड तडकू शकते. पृष्ठभाग वाकडा असताना पॅकिंग जाड करून किंवा नट जास्त आवळून गळती कायमची थांबत नाही. उलट मॅनिफोल्डचे कान तुटण्याचा धोका वाढतो.