चार वाजताची तार

11 नोव्हेंबर 2006, शनिवार. लखनभैया म्हणून ओळखला जाणारा रामनारायण गुप्ता त्या दिवशी मारला गेला. इथे दिलेल्या वेळा पोलिसांनी त्या रात्री सांगितलेल्या हकिगतीतल्या नाहीत. त्या खटल्यातून पुढे आलेल्या आहेत, म्हणून थोड्या ढोबळ आहेत.

पावणेआठ तास आधी, दुपारी साडेबारा

वाशी, सेक्टर नऊ. भर दुपारी एका दुकानासमोरून लखनभैया आणि त्याचा मित्र अशा दोघांना गाडीत कोंबलं गेलं. उचलणारे साध्या कपड्यातले होते. वाशी नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत येते आणि ही माणसं मुंबईची. हद्द ओलांडून कुणाला उचलायचं तर स्थानिक ठाण्यात नोंद करावी लागते. इथे कसलीच नोंद नव्हती. अटक दाखवलीच नाही की चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करण्याचा प्रश्नच मिटतो.

लखनभैयावर गुन्हे होते, छोटा राजनच्या टोळीशी त्याचा संबंध असल्याचं पोलीस सांगत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे प्रत्येक वळणावर हेच वाक्य तोंडावर फेकलं जाणार आहे.

चार तास आधी, दुपारी चार

लखनभैयाचा भाऊ वकील. भावाला उचलल्याचं कळल्यावर तो ठाण्यांच्या पायऱ्या झिजवत बसला नाही. त्याने तार केली, फॅक्स केले, तेही थेट पोलीस आयुक्तांच्या नावे. मजकूर साधा होता: माझ्या भावाला पोलिसांनी उचललं आहे, खोट्या चकमकीत त्याला ठार मारतील अशी भीती आहे.

वकिलाला कागदाची किंमत ठाऊक असते. तोंडी तक्रार हवेत विरते, पण तारेवर वेळ छापलेली असायची. त्या दुपारी तिचा उपयोग झाला नाही. भाऊ जिवंत होता आणि पुढचे चार तास जिवंतच राहणार होता. एक बिनतारी संदेश, एका वरिष्ठाचा एक फोन पुरला असता. तो कुणी केला नाही. सात वर्षांनी मात्र हाच कागद पोलिसांना जड गेला. माणूस रात्री आठला अचानक समोर आला असेल, तर त्याला मारणार आहेत हे त्याच्या भावाला दुपारी चारला कसं कळलं? या प्रश्नाला बचाव पक्षाकडे धड उत्तर नव्हतं.

संध्याकाळ

मित्राची बायको वाशी पोलीस ठाण्यात नवरा बेपत्ता असल्याची तक्रार द्यायला गेली. त्या वेळी तो अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात होता.

रात्री सव्वाआठ

पोलिसांचं म्हणणं असं: खबऱ्याकडून टीप मिळाली, वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ सापळा लावला, शरण यायला सांगितलं, त्याने गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ उत्तर द्यावं लागलं. मुंबईने ही गोष्ट दहा-बारा वर्षं जवळपास याच शब्दांत वाचली होती. फक्त नाव आणि नाका बदलायचा.

त्यानंतर

मित्राला लगेच सोडलं नाही. महिनाभर तो पोलिसांच्या ताब्यातच राहिला. मार्च 2011 मध्ये, या खुनाच्या खटल्यातल्या त्याच्या साक्षीची तारीख अगदी तोंडावर आली असताना, तो घरातून निघाला तो परतलाच नाही. पुढे मनोरकडे मृतदेह सापडला. तो त्याचाच असल्याचं डीएनए तपासणीतून कळलं.

12 जुलै 2013 रोजी सत्र न्यायालयाने 21 जणांना जन्मठेप ठोठावली. त्यात 13 पोलीस होते. (दोनच दिवसांनी देशातली तारसेवा कायमची बंद झाली.) ज्यांचं नाव सर्वांच्या तोंडी होतं, ते चकमकफेम पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा मात्र निर्दोष सुटले.

शिक्षेवर पुष्कळांचं म्हणणं एकच होतं: गुंडच होता ना तो? ते निव्वळ दुष्टपणातून आलेलं नव्हतं. खंडणीच्या फोनने हैराण झालेले बिल्डर, हॉटेलवाले, 1997 मध्ये अंधेरीत भर रस्त्यात झालेला गुलशन कुमार यांचा खून, वर्षानुवर्षं रेंगाळणारे खटले, हे सगळं लोकांनी सोसलं होतं. पोलिसाने परस्पर निकाल लावला तर बरंच, असं सुशिक्षित घरांतही बोललं जाई. 'अब तक छप्पन' हा चकमकी करणाऱ्या पोलिसावरचा सिनेमा 2004 चा, म्हणजे या घटनेच्या दोन वर्षं आधीचा.

पण न्यायालयाने शिक्षा गुंडाला मारल्याबद्दल दिलीच नव्हती. ती होती अपहरणाची, डांबून ठेवल्याची, खोटी कागदपत्रं रचल्याची आणि खुनाची. आरोपींत खासगी माणसंही होती. लखनभैयाशी वैर असलेल्या एका जमीनदलालाने काटा काढून घेण्यासाठी पोलिसांना हाताशी धरलं, असा सरकार पक्षाचा दावा होता. शिक्षा झालेल्यांबद्दल हळहळणाऱ्यांनी हा भाग सोयीस्करपणे वगळला. पोलिसाची बंदूक एकदा भाड्याने मिळू लागली की पुढचं गिऱ्हाईक कोण, हे गुंड होता की नव्हता यावर ठरत नाही.

सरकारचंही मन द्रवलं. डिसेंबर 2015 मध्ये शिक्षा झालेल्या 11 पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली गेली. वकील भाऊ पुन्हा कोर्टात गेला आणि मार्च 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याच वर्षी शर्मा पोलीस सेवा सोडून नालासोपाऱ्यातून शिवसेनेचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि हरले.

19 मार्च 2024. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने शर्मा यांची सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप दिली, बारा पोलिसांची शिक्षा कायम ठेवली आणि सहा खासगी आरोपींना सोडलं. खालच्या न्यायालयाने ढळढळीत पुराव्याकडे काणाडोळा केला, असा निकालाचा सूर होता. एप्रिलमध्ये शर्मांना सर्वोच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला; ते अपिलात गेले आहेत.

चर्चा पुन्हा शर्मांभोवतीच फिरली. त्याच निकालपत्रात साक्षीला निघालेल्या मित्राच्या खुनाबद्दलही लिहिलं आहे. त्याला मारणारे इतक्या वर्षांत पकडले गेले नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट असल्याचं न्यायाधीशांनी म्हटलं. त्यावर कुणी फारसं बोललं नाही.