राजा, नाटककार आणि दप्तर



दूरचित्रवाणीवर राजेरजवाड्यांच्या ज्या मालिका आपण घरोघर पाहतो, त्यांत इतिहास किती असावा आणि करमणूक किती असावी, हा आजचा विषय आहे. यंत्र नवे असले तरी वाद जुना आहे. इतका जुना की त्याचे पहिले उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला मुंबई-पुण्यास जाण्याचे कारण नाही. आमगावजवळचे पदमपूर पुरेसे आहे.

भवभूतीने आपले गाव विदर्भातील पद्मपूर म्हणून सांगितले आहे, आणि ते गाव म्हणजे हेच पदमपूर असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. आठव्या शतकातल्या ह्या कवीने ‘उत्तररामचरित’ लिहिताना काय केले? रामायणाचा शेवटच फिरविला. वाल्मीकीची सीता भूमीच्या पोटात जाते. भवभूतीची सीता रामाला परत मिळते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर, त्याने मूळ कथेची सरळ मोडतोड केली. तरी बाराशे वर्षांत कोणी रसिकाने त्याच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवलेला नाही, आणि तो ठेवताही येणार नाही. कारण त्याच्या प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला मूळ कथा तोंडपाठ होती. कवीने काय बदलले आणि का बदलले, हे त्याला कळत होते. किंबहुना ते कळण्यातच नाटकाचा निम्मा रस होता.

त्याच नाटकाच्या सातव्या अंकात आणखी एक गंमत आहे. तेथे गंगेच्या तीरावर नाटकातले नाटक होते आणि प्रत्यक्ष राम प्रेक्षक म्हणून बसतो. सीतेचे दुःख रंगभूमीवर पाहताच तो ते खरे मानून उठू लागतो, आणि लक्ष्मणाला त्याला आठवण करून द्यावी लागते की, दादा, हे नाटक आहे. ज्याची कथा त्यालाच जर भूल पडते, तर तुमची आमची काय कथा?

प्रश्न एवढाच आहे की, आपल्या शेजारी लक्ष्मण बसलेला आहे काय?

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर तो असतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस सुरू झाले की, अर्जुनी-मोरगावकडच्या गावांतून रात्रभर नाटके चालतात. त्यांत ऐतिहासिक नाटकेही असतात. पुठ्ठ्याचा मुकुट, रंगविलेला पडदा, आडोशाला बसून संवाद पुरविणारा माणूस, हे सारे प्रेक्षकाला दिसत असते. राजा रडतो तेव्हा प्रेक्षकही रडतो, पण पहाटे घरी परतताना हा राजा कोणत्या गावचा आणि किती घेतो, ह्याचीही चर्चा करतो. पडदा स्वतःच सांगत असतो की मी पडदा आहे. दूरचित्रवाणीची सारी करामत नेमकी ही गोष्ट लपविण्यात आहे. लाकूड आणि प्लॅस्टर यांचा किल्ला खऱ्या दगडांचा वाटतो, पन्नास घोड्यांचे संगणकावर पाच हजार होतात, आणि रोज रात्री जेवणाच्या वेळी तोच चेहरा समोर आल्याने महाराज म्हटले की मुलांना त्या नटाचाच चेहरा आठवतो. येथे लक्ष्मणाला उभे राहावयास जागाच नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, मग काय कल्पनेला मज्जाव करावयाचा? तसे मुळीच नाही. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली आली. पुढे १९८०च्या दशकात गजानन जागीरदार यांनी तिच्यावर दूरदर्शनसाठी मालिका केली आणि रवींद्र मंकणी व मृणाल देव यांनी माधवराव-रमाबाईंना महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. त्या दोघांत एकांतात काय बोलणे झाले, हे पेशवे दप्तराच्या कोणत्याही रुमालात सापडावयाचे नाही. ते देसायांनी रचले. पण थोरल्या माधवरावांचा क्षय, राघोबादादांशी झालेला कलह, १७७२च्या नोव्हेंबरात थेऊरला झालेला अंत आणि रमाबाईंचे सहगमन, हे सारे जागच्या जागी राहिले. दप्तर जेथे मुके आहे तेथे लेखकाने बोलावे, ह्याला कोणाचीच हरकत असू नये. दप्तर जेथे बोलते आहे तेथे त्याच्या तोंडावर हात ठेवून लेखक बोलू लागला, म्हणजे मात्र विचारणे भाग पडते.

आणि दप्तर थोडे असून वेळ फार असला की हे हमखास घडते. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका सप्टेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत, म्हणजे जवळपास अडीच वर्षे चालली. संभाजी महाराजांची सारी कारकीर्द नऊ वर्षांची. इतके भाग भरावयाचे, प्रत्येक भागाच्या शेवटी उद्यासाठी उत्कंठा ठेवावयाची, मधे जाहिराती घ्यावयाच्या, हे गणित ज्याने बसवून पाहिले असेल त्याला लेखकाची कीवच येईल. मग राजकारण माजघरात येते. १६८० साली राजारामांना गादीवर बसविण्याचा जो प्रयत्न झाला, त्यात सोयराबाई होत्या, अण्णाजी दत्तो होते, हे खरे आहे. पण राज्याच्या वारशाचा तो पेच अशा मालिकांत सावत्र आईच्या मत्सरापुरता आकुंचित होतो, कारण मत्सर रोज दाखविता येतो आणि वारशाचा कायदा दाखविता येत नाही. हा दोष एका मालिकेचा नव्हे, तो दैनंदिन मालिका ह्या जातीचाच आहे.

तथापि संभाजी महाराजांच्या बाबतीत नाटकाने केलेले नुकसान आधीचे आहे, हेही सांगितले पाहिजे. राम गणेश गडकरी १९१९ साली आपल्या विदर्भातच, सावनेर येथे वारले, तेव्हा त्यांचे ‘राजसंन्यास’ अपुरे होते. त्यातला विलासात बुडालेला संभाजी गडकऱ्यांच्या भाषेच्या बळावर मराठी मनात असा रुतला की, वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागद धुंडाळून १९६० साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, तरी तो निघता निघेना. तो निघाला पुष्कळसा कादंबरीने आणि शेवटी मालिकेने. इतिहासकाराच्या एका ग्रंथाने जे झाले नाही ते नटाने केले, ह्याचा आनंद मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटतात. मात्र गडकऱ्यांचा पुण्यातील पुतळा जानेवारी २०१७ मध्ये उखडून नदीत टाकण्यात आला, तेव्हा बेंद्र्यांचा ग्रंथ त्या मंडळींनी उघडून पाहिला असेल असे म्हणवत नाही.

पडदा मोठा असो की घरातला, प्रेक्षक तोच असतो. म्हणून येथे चित्रपटाचे एक उदाहरण घेतो. २०२५ साली ‘छावा’ आला. तो प्रदर्शित होण्यापूर्वी महाराज लेझीम खेळताना दाखविले म्हणून गदारोळ झाला आणि ते दृश्य काढून टाकण्यात आले. प्रदर्शित झाल्यावर गणोजी आणि कान्होजी शिर्के ह्यांना फितूर दाखविल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला क्षमा मागावी लागली. आता ह्या दोन तक्रारी एका पारड्यात घालता येतील काय? लेझीम खेळल्याने कोणाचे काही जात नाही. दुसरी गोष्ट गंभीर आहे. महाराजांचे आणि शिर्क्यांचे वैर होते, त्याला आधार आहे. परंतु १६८९च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी मुकर्रबखानाला वाट दाखविणारा कोण, ह्यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. जो आरोप न्यायालयात टिकला नसता तो पडद्यावर निकाल म्हणून लागतो, आणि शिक्षा मात्र आज त्या आडनावाने शाळेत जाणाऱ्या मुलाला होते.

आपल्या आक्षेपांची आणखी एक तऱ्हा पाहण्यासारखी आहे. पूर्वजांच्या मोठेपणाला धक्का लागला की आपण उठतो. खोटे मोठेपण चिकटविले तर कोणी उठत नाही. न जिंकलेली लढाई जिंकलेली दाखविली, न केलेला पराक्रम नावावर घातला, तर मोर्चा निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणजे आपली मागणी सत्याची नसते, स्तुतीची असते. आणि मालिकावाले हुशार व्यापारी असल्याने मागणी तसा पुरवठा करतात.

‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी पाटी लावण्याचा उपाय अनेकदा सुचविला जातो. १९९० साली टिपू सुलतानाच्या मालिकेबरोबर दूरदर्शनला तशी सूचना दाखवावी लागली. इंग्लंडात राणी एलिझाबेथवरील ‘द क्राऊन’ ह्या मालिकेबाबत २०२० साली तिकडच्या मंत्र्यांनी हीच मागणी केली, २०२२ साली ज्युडी डेंच ह्यांच्यासारख्या थोर नटीने वृत्तपत्रास पत्र लिहून ती उचलून धरली. ज्यांच्या राजघराण्याची माणसे जिवंत आहेत, कागद उपलब्ध आहेत आणि वर्तमानपत्रे रोज चुका दाखवू शकतात, त्यांची ही स्थिती. आपल्याकडे तर ती पाटी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जाते. पाटी लावून निर्माता मोकळा होतो, प्रेक्षक होत नाही.

आता आपल्या घरी येऊ. ह्या मालिकांच्या नकाशात रायगड आहे, पुणे आहे, सातारा आहे, अलीकडे महेश्वरही आले. वैनगंगेच्या ह्या बाजूला कोणी राजा झाला, असे त्या नकाशावरून वाटत नाही. आज ना उद्या ही उणीव कोणीतरी भरून काढील. २०२५ साली पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने विकत आणली, तेव्हापासून नागपूरकर भोसल्यांचे नाव पुन्हा लोकांच्या कानी पडू लागले आहे. (त्या तलवारीचे पाते युरोपी घडणीचे आहे आणि त्यावर सोन्याने देवनागरी अक्षरे आहेत. परदेशी पाते कमरेला लावण्यात रघूजींना कमीपणा वाटला नाही. पडद्यावरच्या रघूजीला ते लावू देतील काय, मला शंका आहे.)

अशी मालिका निघाली तर तिच्यात काय दाखवाल? देवगडचा गोंड राजा चांद सुलतान १७३९च्या सुमारास मरण पावला. वारशाचा तंटा उभा राहिला आणि राणी रतनकुवर हिने वऱ्हाडातून रघूजींना मदतीस बोलाविले. ते आले, वलीशहाचा पाडाव केला, राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली. येथवर कथा फार गोड आहे. बहिणीच्या हाकेला धावून आलेला भाऊ, असा भाग मला आताच दिसू लागला आहे. परंतु पुढे बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा हे भाऊ भांडले आणि थोड्याच वर्षांत रघूजी राज्याचे धनी झाले. गोंड राजाकडे पदवी आणि नेमणूक राहिली. मदत करता करता राज्य गेले. आज ह्या मंडपात गोंडांचे वंशज आणि मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्यांचे वंशज एकाच सतरंजीवर बसले आहेत. दोघांनाही ही हकीकत पूर्ण ऐकविण्याचे धैर्य लेखकाला हवे, आणि ती ऐकून उठून न जाण्याचे धैर्य आपल्याला हवे.

अप्पासाहेब भोसल्यांची गोष्ट तर याहून अवघड आहे. सीताबर्डीची लढाई, २६ व २७ नोव्हेंबर १८१७. मग शरणागती, अटक, १८१८च्या मे महिन्यात जबलपूरच्या वाटेवर इंग्रज पहाऱ्यातून पलायन, महादेवाच्या डोंगरात गोंडांचा आश्रय, पुढे पंजाब, आणि १८४० साली जोधपूरला परक्या राजाच्या आसऱ्याने मृत्यू. त्याच अप्पासाहेबांसाठी आपल्या गोंदियाजवळच्या कामठ्याच्या चिमणा पाटलाने १८१८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो फौजेने मोडून काढला. ह्याहून चांगले कथानक विकत घेऊन मिळणार नाही. चिमणा पाटलाचे नाव आपल्या शाळांत किती मुलांना ठाऊक आहे, हे विचारीत नाही. उत्तर आपणा सर्वांस माहीत आहे.

पण ह्या नायकाचा आरंभ कोठे आहे? १८१६च्या मार्चमध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुबळा. अप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला आणि तो टिकविण्यासाठी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून ज्या फासातून पुढे सुटू पाहिले तो स्वतःच गळ्यात घातला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी अंथरुणात मेलेला आढळला. अप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. संशय त्यांच्यावर आला. इंग्रजांनी त्या आरोपाचा खरा उपयोग केला तो वर्षभराने, त्यांना पदच्युत करतेवेळी. म्हणजे आरोप करणाराचाही त्यात स्वार्थ होता. तेव्हा इंग्रजांचे म्हणणे जसेच्या तसे घेणे हा भाबडेपणा, आणि इंग्रजांनी म्हटले म्हणून ते खोटेच, असे धरून चालणे हा दुसरा भाबडेपणा. यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ साली निघाला. रेसिडेंट जेंकिन्सचा अहवाल १८२७चा. जो कोणी ही मालिका लिहील त्याने हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवावेत, मग वाड्यातील दासींना हवे ते संवाद द्यावेत.

अप्पासाहेबांना निष्कलंक हुतात्मा केले तर आपल्याला बरे वाटेल. चिमणा पाटील मात्र त्यामुळे लहान होतो. तो कोणा देवमाणसासाठी लढला नव्हता. डाग लागलेल्या, हरलेल्या, पळत असलेल्या धन्यासाठी लढला, आणि ते त्याला ठाऊक नसेल असे मानण्यास कारण नाही. परसोजीचा मृत्यू कथेतून काढला की कामठ्याच्या उठावातले अवघडपण जाते, आणि उरतो तो नेहमीचा भगवा झेंडा व घोड्यांच्या टापा.

म्हणून उद्या एखादा निर्माता खरोखरच नागपूरला आला आणि त्याने पहिला भाग कोठून सुरू करू असे विचारले, तर मी त्याला जानेवारी अखेरच्या त्या रात्री परसोजीच्या महालापाशी नेईन. दाराबाहेरचे पहारेकरी दाखवावेत, चांद्याच्या वाड्यात जागे असलेले अप्पासाहेब दाखवावेत. दार सकाळीच उघडावे. आत कोण गेले होते ते दाखवू नये.