सम्राटाची मुद्रा आणि दख्खनचे वाचन

बंगळूरच्या पूर्वेस मारतहळ्ळीलगतच्या एचएएल विमानतळ परिसरात १९६५ साली २५६ रोमन चांदीची नाणी सापडली. यशवंतपूर येथे १८९१ साली १६३ नाण्यांचा असाच संचय मिळाला होता. या नाण्यांचा विचार सामान्यतः व्यापारेतिहासात होतो. परंतु प्रतिमा आणि लेख यांनी सिद्ध झालेले नाणे ही एक संहिताही असते. ती दख्खनने कशी वाचली, हा येथील प्रश्न आहे.

सोन्याचा एक ऑरियस चांदीच्या पंचवीस डिनेरियसांबरोबरीचा. दोहोंवरील राजकीय आशय मात्र पुष्कळदा एकच असे. ऑगस्टसच्या, भारतात विपुल आढळणाऱ्या एका नाणेप्रकारावर त्याचे दत्तक पुत्र गायस व ल्यूशियस ढालभाल्यांसह उभे आहेत. ही वारसाची घोषणाच होय. ल्यूशियस इ. स. २ मध्ये व गायस इ. स. ४ मध्ये निवर्तला. वारस गेले, पण त्यांच्या प्रतिमा देशोदेशी फिरत राहिल्या.

दख्खनमध्ये हा आशय मागे पडला. तेर आणि कोंडापूर येथे रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडविलेली मातीची पदके मिळाली आहेत; सम्राटाचा मुखवटा येथे अलंकार झाला. त्याहून दक्षिणेस, पुदुक्कोट्टई येथे १८९८ साली मिळालेल्या ५०१ ऑरियसांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छेद दिलेला आहे. त्यामागील हेतूविषयी मतभेद असले, तरी त्या मुखाचा अधिकार छेद देणाऱ्यास बंधनकारक वाटला नव्हता, एवढे स्पष्ट आहे.

मात्र यावरून येथे नाण्याचे राजकारण अज्ञात होते असे मानता येणार नाही. नाशिकजवळील जोगळटेंभीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाच्या मुखावर आपली चिन्हे ठोकली आहेत. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांनी स्वतःची मुखप्रतिमा चांदीवर उमटविली. तिच्या एका बाजूस प्राकृत, तर दुसऱ्या बाजूस दाक्षिणात्य भाषारूपातील लेख आहे.

तात्पर्य, ज्याची सत्ता येथे नव्हती त्याचे मुख अलंकार ठरले आणि ज्याची सत्ता नुकतीच मोडली होती त्याचे मुख पुसले गेले. म्हणून अशा देवघेवीस केवळ ‘प्रभाव’ म्हणणे अपुरे आहे. प्रतिमा रोमची असली, तरी तिचा अर्थ ग्राहक संस्कृतीनेच निश्चित केला.