मध्यमाकारी फिल्म कॅमेरे, जुने : दोष, दुरुस्ती व रूपांतर

३५ मिमी. रुंदीच्या फिल्मपेक्षा मोठ्या, परंतु सुट्या फिल्म-पत्र्यांवर घेतल्या जाणाऱ्या चित्रांपेक्षा लहान आकारमानाच्या निगेटिव्ह देणाऱ्या कॅमेऱ्यांना मध्यमाकारी कॅमेरे म्हणतात. यांत प्रायः सु. ६१ मिमी. रुंदीची, काळ्या कागदाची पाठ असलेली व रिळावर गुंडाळलेली फिल्म वापरतात. एका रिळावर ६ × ९ सेंमी. आकारमानाची ८, ६ × ६ सेंमी.ची १२ किंवा ६ × ४·५ सेंमी.ची १६ चित्रे मिळतात. ही मापे नाममात्र असून ६ × ६ सेंमी. चित्राची प्रत्यक्ष बाजू सु. ५६ मिमी. असते. यंत्र म्हणून हे कॅमेरे दीर्घायुषी आहेत. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे अनेक कॅमेरे अद्यापि चालू स्थितीत आढळतात. तथापि त्यांची उपयुक्तता त्यांच्या यंत्रणेपेक्षा त्यांत बसणाऱ्या रिळाने अधिक ठरविली. त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीचा व रूपांतराचा इतिहास हा बव्हंशी रिळांचाच इतिहास आहे.

रिळांचा इतिहास : जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ मधील पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात १०० चित्रांचे रीळ असे व ते संपल्यावर संपूर्ण कॅमेराच कारखान्यात पाठवावा लागे. ही अडचण सॅम्युएल टर्नर यांनी दूर केली. बॉस्टन येथील त्यांच्या कंपनीच्या १८९२ मधील ‘बुल्स-आय’ कॅमेऱ्यात फिल्मच्या मागे अनुक्रमांक छापलेला काळा कागद होता. कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहान लाल खिडकीतून तो क्रमांक दिसे आणि रीळ दिवसाउजेडी भरता येई. ईस्टमन यांनी १८९५ मध्ये ही कंपनी व तिचे एकस्व (पेटंट) विकत घेतले.

‘नंबर २ ब्राउनी’ या स्वस्त पेटी-कॅमेऱ्यासाठी १९०१ मध्ये जे रीळ निघाले, त्याला पुढे १२० हा क्रमांक मिळाला. हा क्रमांक मापाचा निदर्शक नसून केवळ उत्पादकाच्या यादीतील आहे. त्या काळी जवळजवळ प्रत्येक नव्या कॅमेऱ्याबरोबर नवे रीळ काढले जाई. ११६ (१८९९), ११७ (१९००) व १२७ (१९१२) ही त्यांची उदाहरणे होत. १९३० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी कोडॅकने ६२० हे रीळ काढले. त्यातील फिल्म व कागद १२० प्रमाणेच होते. फक्त रिळाचा गाभा बारीक व कडा पातळ पत्र्याच्या होत्या. यामुळे कॅमेरा थोडा सडपातळ करता आला आणि ग्राहकाला त्याच कंपनीची फिल्म घेणेही भाग पडले. ६१६ चे उत्पादन १९८४ मध्ये व कोडॅकच्या ६२० चे १९९५ मध्ये थांबले. १२० हे रीळ मात्र टिकून राहिले. परिणामतः यांत्रिक दृष्ट्या निर्दोष असे असंख्य कॅमेरे केवळ रिळाअभावी निरुपयोगी ठरले, तर त्यांहून जुने व साधे कॅमेरे वापरात राहिले.

कॅमेऱ्यांचे प्रमुख प्रकार : (१) पेटी-कॅमेरा : यात एक साधे भिंग व एकाच वेगाचे शटर (झडप) असते. (२) घडीचा कॅमेरा : यात भिंग व फिल्म यांमध्ये चामड्याचा किंवा कापडाचा भाता असतो. त्साइस इकॉन कंपनीचे इकॉन्टा (१९२९) व अंतरमापक जोडलेले सुपर इकॉन्टा (१९३४) हे या वर्गातील नावाजलेले कॅमेरे होत. (३) जोडभिंगी परावर्ती कॅमेरा : यात वरच्या भिंगाने दृश्य पाहतात व खालच्या भिंगाने चित्र घेतात. पाउल फ्रांके व राइनहोल्ट हाइडेके यांनी ब्राउनश्वाइक (जर्मनी) येथे १९२९ मध्ये बाजारात आणलेला रोलायफ्लेक्स हा त्याचा आदर्श ठरला. (४) एकभिंगी परावर्ती कॅमेरा : व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी स्वीडनमध्ये १९४८ साली तयार केलेल्या कॅमेऱ्यात भिंग, मुख्य पेटी व फिल्मची पाठ हे भाग सुटे करता येत. त्याचे फिल्मलगतचे शटर नाजूक ठरल्याने १९५७ च्या ५०० सी या प्रतिरूपात शटर भिंगातच बसविण्यात आले.

भारतात छायाचित्रशाळांमधून व वृत्तपत्रांतून रोलायफ्लेक्स, रोलायकॉर्ड व यशिका हे कॅमेरे परिचित होते. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३—२०१२) यांच्या वापरात रोलायफ्लेक्स होता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने आग्फाच्या तांत्रिक सहकार्याने तयार केलेल्या ‘क्लिक-३’ या स्वस्त कॅमेऱ्यामुळे १२० चे रीळ सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचले. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स (स्थापना १९६०) ही सरकारी कंपनी ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म तयार करीत असे. ती आता बंद झाली आहे.

दोषांचे निदान : दोष कॅमेऱ्याचा, फिल्मचा की धुलाईचा हे प्रथम ठरवावे लागते. यासाठी निगेटिव्ह हाच सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. काळेपणा (धुके) चित्राच्या चौकटीबाहेर फिल्मच्या कडेपर्यंत गेला असेल, तर रीळ सैल गुंडाळले गेले असावे किंवा पाठीच्या सांध्यातून प्रकाश शिरला असावा. तो केवळ चौकटीच्या आत असेल, तर भात्याला छिद्र असण्याचा संभव अधिक. पाठीच्या कागदावरील आकडे चित्रावर उमटल्यास दोष लाल खिडकीचा असतो.

या शेवटच्या दोषाला ऐतिहासिक कारण आहे. प्रारंभीच्या फिल्मला लाल प्रकाशाची संवेदनशीलता नव्हती. म्हणून लाल काच पुरेशी सुरक्षित होती. सर्व रंगांना संवेदी अशा पँक्रोमॅटिक फिल्म प्रचारात आल्यावर हे संरक्षण नाहीसे झाले. कोडॅकच्या व्हेरिक्रोम या लोकप्रिय फिल्मची जागा १९५६ मध्ये व्हेरिक्रोम पॅनने घेतली. त्यानंतर जुन्या पेटी-कॅमेऱ्यांत हा दोष दिसू लागला, तरी कॅमेऱ्यांत काहीच बिघडले नव्हते. खिडकीवर सरकते झाकण किंवा काळी पट्टी लावणे व रीळ सावलीत फिरविणे हा त्यावरील साधा उपाय होय.

दुरुस्ती : (अ) भाता : अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरला असता घड्यांच्या कोपऱ्यांतील छिद्रे चमकताना दिसतात. लहान छिद्रे लवचिक काळ्या लेपाने बुजविता येतात. परंतु अशी छिद्रे अनेक असल्यास नवा भाता बसविणेच इष्ट असते. कृत्रिम द्रव्याचे भाते असलेल्या युद्धोत्तर आग्फा इझोलेट कॅमेऱ्यांत हा दोष विशेषेकरून आढळतो. घडीचा कॅमेरा झटक्याने उघडल्यास भात्यातील हवेचा दाब कमी होऊन फिल्म पुढे ओढली जाते व चित्राची तीक्ष्णता घटते. म्हणून आधी कॅमेरा उघडावा व मग फिल्म पुढे सरकवावी, हा क्रम हितावह ठरतो.

(आ) शटर : फ्रीड्रिख डेकेल यांच्या म्यूनिक येथील कारखान्यात १९१२ पासून तयार झालेले कॉम्पुर शटर हे यांपैकी बहुतेक दर्जेदार कॅमेऱ्यांत असे. त्याचे मंद वेग घड्याळासारख्या दंतचक्रमालेने नियंत्रित होतात. जुने वंगण घट्ट झाले म्हणजे एक सेकंदाचा वेग लांबतो किंवा शटर अर्ध्यावर थांबते. अशा वेळी तेल घालण्याचा मोह होतो. परंतु ते पातळ पोलादी पात्यांवर पसरून पाती एकमेकींना चिकटतात. यासाठी शटर शुद्ध बाष्पनशील द्रावकाने धुऊन कोरडे करतात व वंगण केवळ नेमलेल्या जागी अत्यल्प प्रमाणात देतात. कॉम्पुर-रॅपिडमध्ये सर्वोच्च वेगासाठी एक जादा कमान (स्प्रिंग) कार्य करते. म्हणून तो वेग शटर ताणण्यापूर्वीच लावावा लागतो. ताणल्यावर बळाने फिरविल्यास यंत्रणा दुखावते.

(इ) भिंग व केंद्रीकरण : इझोलेटसारख्या काही कॅमेऱ्यांच्या पुढील भिंगाच्या आट्यांमधील हिरवे वंगण कालांतराने इतके कठीण होते की, भिंग फिरतच नाही. सौम्य उष्णता व द्रावक यांनी ते सोडविता येते. पुन्हा बसविताना फिल्मच्या नेमक्या प्रतलात घासलेली काच धरून दूरच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट करतात व अनंत अंतराची खूण निश्चित करतात. जोडभिंगी कॅमेऱ्यात वरची व खालची प्रतिमा एकाच वेळी स्पष्ट होते की नाही, हेही पाहावे लागते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. प्रारंभी ती पुसून निघते. परंतु दुर्लक्ष झाल्यास तिच्यातून स्रवणारी अम्ले काचेवर कायमचे व्रण करतात. चामड्याच्या पिशवीत ओलावा टिकून राहत असल्याने कॅमेरा तीत ठेवणे अपायकारक असते.

(ई) फिल्म सरकविण्याची यंत्रणा : १९३७ च्या रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये फिल्मची जाडी ओळखणारा रूळ आहे. कागदाचे टोक या रुळाखालून घातले नाही, तर गणकच सुरू होत नाही. हा दोष अनेकदा बिघाड समजला जातो. हॅसलब्लाड ५०० सी मध्ये भिंग व पेटी या दोन्हींची यंत्रणा ताणलेली असल्याशिवाय भिंग निघत नाही. दोन्हींचा मेळ तुटल्यास फिल्मची पाठ काढून मागून लांब पेचकसाने दांडा फिरवून भिंग ताणावे लागते. त्याच्या सुट्या पाठीतील प्रकाशरोधक पट्टी झिजल्यास निगेटिव्हच्या कडेला पट्टे उमटतात. ती बदलणे सोपे असते.

रूपांतर : उपलब्ध रिळाशी कॅमेऱ्याचा मेळ घालण्याची प्रथा उत्पादकांनीच सुरू केली. पहिल्या रोलायफ्लेक्समध्ये ११७ चे सहा चित्रांचे रीळ बसे. पुढे यांपैकी अनेक कॅमेरे १२० साठी बदलून देण्यात आले. ‘रोलायकिन’ या जोडसाधनाने त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यांत ३५ मिमी. फिल्म वापरता येई, तर यशिका ६३५ (१९५८) ची रचनाच दोन्ही फिल्मसाठी होती.

६२० च्या कॅमेऱ्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यात १२० ची फिल्म पूर्ण अंधारात आधी एका रिकाम्या रिळावर व तेथून ६२० च्या रिळावर गुंडाळतात. गाभ्याचा व्यास वेगळा असल्याने फिल्मला कागदाशी जोडणाऱ्या पट्टीजवळ फुगवटा येतो. तेथे पट्टी सोडवून पुन्हा चिकटवावी लागते. या पद्धतीत कॅमेऱ्याला धक्का लागत नाही. मात्र ६२० ची जुनी रिळे जपून ठेवावी लागतात. दुसऱ्या मार्गाने कॅमेऱ्यातील रिळाची खोबण कोरून मोठी करतात. कोडॅक मेडलिस्ट (१९४१) या मजबूत कॅमेऱ्यावर असे काम अनेकदा केले गेले आहे. ते सोयीचे असले, तरी कोरलेला धातू परत मिळत नाही. ११६ व ६१६ च्या कॅमेऱ्यांत १२० चे रीळ बाजूंना ठोकळे लावून बसविता येते. परंतु फिल्म अरुंद असल्याने ती सपाट राहण्यासाठी चौकटीला आधार द्यावा लागतो आणि खिडकीतील आकड्यांचा उपयोग राहत नाही.

अलीकडचे रूपांतर अंकीय आहे. हॅसलब्लाडने २०१९ मध्ये जाहीर केलेली सीएफव्ही २ ५० सी ही अंकीय पाठ १९५७ पासूनच्या व्ही मालिकेतील बहुतेक कॅमेऱ्यांना बसते. तिच्या संवेदकाचे माप सु. ४४ × ३३ मिमी. असल्याने मूळ चौरसाचे निम्म्याहून कमी क्षेत्र वापरले जाते. तथापि पाठ काढताच कॅमेरा पूर्ववत फिल्मचा होतो.

मूल्यमापन : दुरुस्ती व रूपांतर यांत मूलभूत भेद आहे. दुरुस्तीने कॅमेरा मूळ स्थितीकडे जातो, तर रूपांतराने तो मूळ स्थितीपासून दूर जाऊन उपयोगात येतो. केवळ जतन केलेला कॅमेरा न चालविल्यामुळे जडावतो. उलट कोरून बदललेला कॅमेरा चित्रे देतो, पण आपल्या काळाचा पुरावा म्हणून उणा ठरतो. लाखोंनी निघालेल्या पेटी-कॅमेऱ्यांच्या बाबतीत या हानीचे महत्त्व अल्प आहे. दुर्मिळ प्रतिरूपांच्या बाबतीत ते मोठे आहे. म्हणून जेथे परत उलटविता येण्याजोगा उपाय उपलब्ध असेल, तेथे तोच स्वीकारणे, काढलेले भाग कॅमेऱ्याबरोबर ठेवणे व केलेल्या बदलांची नोंद करणे आवश्यक ठरते. १२० चे रीळ टिकले ते कोणत्याही एका कॅमेऱ्याच्या श्रेष्ठत्वामुळे नव्हे, तर अनेक देशांतील अनेक उत्पादकांनी ते समान माप म्हणून स्वीकारल्यामुळे. ज्या यंत्रांनी आपले माप इतरांपासून वेगळे राखले, त्यांना पुढे दुरुस्ती करणाऱ्यांच्या कौशल्यावर अवलंबून राहावे लागले.