मापात माप

ऑनलाइन दुकानातून किराणा मागवणाऱ्या प्रत्येकाला एक सूचना कधी ना कधी दिसलेली असते : ‘या वस्तूचे कमाल दोन नग घेता येतील.’ तेल महागलं, कांद्याची आवक घटली किंवा नुसती अफवा उठली, की ही सूचना उगवते. आपण जरासे वैतागतो, दोन नग घेतो आणि पुढे जातो. मी मात्र शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवला असल्यामुळे अशा ठिकाणी अडखळतो. कारण ‘कमाल दोन’ हे शब्द लिहिण्यापूर्वी कुणीतरी तीन प्रश्नांची उत्तरं ठरवलेली असतात. कुणाला मोजायचं? कशाने मोजायचं? आणि कशाकशाला एकच समजायचं?

पहिले दोन प्रश्न सोपे वाटतात, तिसरा तर प्रश्नच वाटत नाही. पण खरी मेख तिथेच आहे. साधं गव्हाचं पीठ घ्या. एका कंपनीच्या पिठाच्या दोन पिशव्यांवर मर्यादा घातली, तर हुशार गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या दोन घेईल, तिसऱ्या कंपनीच्या दोन घेईल. म्हणजे मर्यादा असून नसल्यासारखी. मग दुकानदार म्हणतो, ‘पीठ’ असा एक प्रकारच धरू आणि सगळ्या प्रकाराला मिळून मर्यादा घालू. आता एक किलोची पिशवीही एक नग आणि दहा किलोचीही एकच नग! बरं, वजनाने मोजू म्हटलं, तर बेसन त्यात धरायचं का? नाचणीचं पीठ धरायचं का? ज्या घरात कुणाला गहू चालत नाही, त्या घराने काय करायचं? बघा, दोन पिशव्यांवरून आपण कुठे येऊन पोचलो.

हे प्रश्न संगणकाने आणलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हेच सगळे प्रश्न समोर आले होते, आणि त्यांची उत्तरं तिथे फार बारकाईने शोधली गेली. त्या बेटाचं बरंचसं अन्न जहाजांनी बाहेरून यायचं आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. ८ जानेवारी १९४० रोजी तिथे लोणी, साखर आणि बेकन म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस या तीन वस्तूंचं रेशनिंग सुरू झालं. माणशी आठवड्याला अमुक इतकं, असं सरळ वजनाचं माप होतं. त्याच वर्षी जुलैत चहा आला. आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे जेमतेम ५५-५७ ग्रॅम. चहासाखर कुणाच्याही घरची असो, ती वजनाने मोजता येते, म्हणून हे जमलं.

मांसाला मात्र हे माप लावलं नाही. मार्च १९४० मध्ये मांसाचं रेशन आलं ते वजनावर नव्हे, किमतीवर. सुरुवातीला मोठ्या माणसाला आठवड्याला १ शिलिंग १० पेन्सचं मांस. कारण साधं आहे. मांसाचा उत्तम तुकडा आणि रश्श्यात शिजवायचा हलका तुकडा यांचं वजन सारखं असलं, तरी ते सारखे नव्हेत. वजन ठरवलं असतं, तर सगळेच उत्तम तुकड्यावर तुटून पडले असते. किंमत ठरवल्यावर हलक्या तुकड्यावर भागवणाऱ्याला तेवढ्याच पैशांत जास्त मांस मिळू लागलं.

त्याहून अवघड प्रश्न डबाबंद पदार्थांचा. डबाबंद मासे, मांस, वाटाणे... साठे थोडे आणि एकसारखे नाहीत. प्रत्येक माणसाला माशाचा डबा देण्याइतके डबे नव्हते, आणि प्रत्येकाला तो हवा होता असंही नाही. यावर १ डिसेंबर १९४१ पासून तोडगा निघाला तो ‘पॉइंट’चा. डबाबंद वस्तूंचा एक गट केला आणि माणशी चार आठवड्यांना आधी १६ पॉइंट दिले. नंतर ते वाढवले. गटातल्या प्रत्येक वस्तूला पैशांतली किंमत होतीच, शिवाय पॉइंटांतलीही एक किंमत ठरली. अमेरिकेहून आलेल्या मांसाचा एक मोठा डबा घेतला, की महिन्याचे पॉइंट संपले. तो नको असेल तर त्याच पॉइंटांत दुसऱ्या किरकोळ वस्तू घ्या. जी वस्तू भराभर संपे तिचे पॉइंट वाढवत, जी पडून राही तिचे उतरवत.

मला या पद्धतीचं फार कौतुक वाटतं. एकूण किती घ्यायचं हे सरकारने ठरवलं, पण त्यातलं काय घ्यायचं हे घरच्या बाईवर सोपवलं. गट करण्याचा खरा फायदा हाच, की मर्यादेच्या आत निवड शिल्लक राहते.

कपड्यांचंही तसंच. १ जून १९४१ पासून प्रत्येकाला वर्षाला ६६ कुपनं. पुरुषाच्या कोटाला १३, बुटांच्या जोडीला ७, बाईच्या लोकरी पोशाखाला ११. पुढे कुपनं कमी होत गेली. पण गट म्हटला की त्याला कुंपण आलं आणि कुंपण आलं की फट आली. टोप्यांना कुपनं लागत नसत. विमानहल्ल्याच्या भीतीने खिडक्यांना लावायचं काळं कापड सुरुवातीला कुपनांशिवाय मिळे, तर बायकांनी त्याचेच कपडे शिवले! हॉटेलातलं जेवण रेशनबाहेर होतं. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे तो बाहेर जेवून घरचं रेशन वाचवी. याची बोंब झाली, तेव्हा १९४२ मध्ये हॉटेलातल्या जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा आली.

आणि माणसं? तीही सगळी एका मापाची धरली नाहीत. शाकाहारी माणूस मांसाचा हक्क सोडून जास्त चीज घेऊ शके. जमिनीखाली राबणाऱ्या खाणकामगाराला आणि शेतमजुराला चीज जास्त मिळे. गर्भवतीला हिरवं पुस्तक आणि त्यावर जादा दूध. ब्रेड आणि बटाटे मात्र युद्ध संपेपर्यंत मर्यादेबाहेर ठेवले होते. बाकी सगळं मोजून, पण पोट भरायला काहीतरी न मोजता. जुलै १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध जिंकल्यावर, ब्रेडवर रेशन आलं तेव्हा लोक जितके चिडले तितके युद्धातही चिडले नव्हते. ते रेशन दोन वर्षं टिकलं. शेवटचं मांसाचं रेशन उठलं ४ जुलै १९५४ रोजी.

आता याच साम्राज्याची दुसरी बाजू. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानने घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. तीस लाखांच्या आसपासचा आकडा अभ्यासक देतात. कलकत्त्यात रीतसर शिधावाटप सुरू झालं ते जानेवारी १९४४ च्या शेवटी. लंडनमध्ये लोणी औंसाने वाटणाऱ्या राज्यकर्त्यांना बंगालच्या खेड्यातला माणूस मोजण्याची निकड वाटली नाही. ‘कुणाला मोजायचं’ हा पहिला प्रश्न सोपा वाटतो असं मी वर म्हटलं, ते यासाठी. यादीत नसलेल्या माणसासाठी मर्यादा दोन पौंडांची असो की वीस, काय फरक पडतो?

मुंबई शहर यातून वाचलं. मे १९४३ मध्येच इथे शिधावाटप सुरू झालं आणि ते बसवण्यात ए. डी. गोरवाला या सनदी अधिकाऱ्याचा मोठा हात होता. त्याच वर्षी सर थिओडोर ग्रेगरी यांच्या समितीने मोठ्या शहरांत शिधावाटप असावं आणि मोठ्या माणसाला रोज एक पौंड धान्य मिळावं, अशी शिफारस केली. घरोघरी रेशनकार्ड आलं. त्यावर माणसांची नावं, वयं, युनिटं.

स्वातंत्र्यानंतर गांधीजींनी नियंत्रणं उठवण्याचा आग्रह धरला. नियंत्रणामुळे लबाडी वाढते आणि माणूस परावलंबी होतो, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर १९४७ मध्ये धान्यावरची नियंत्रणं उठू लागली, भाव भडकले, आणि १९४८ मध्येच ती परत आणावी लागली. गांधीजींचा मुद्दा खोटा नव्हता. काळाबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो पटेल. पण नियंत्रण काढलं की टंचाई जात नाही; फक्त ती ज्याच्या खिशात कमी त्याच्या दारात जाऊन बसते.

आपल्या महाराष्ट्राने ‘कशाकशाला एक समजायचं’ या प्रश्नाचा अनुभव घेतला तो १९७२ च्या दुष्काळात. त्या काळी विशीत असलेल्या माझ्या पिढीला ‘मिलो’ हा शब्द सांगावा लागत नाही. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी! सरकारी हिशेबात ज्वारी ती ज्वारी. शाळूच्या जागी मिलो दिली की हिशेब पुरा. पण भाकरी थापणाऱ्या आमच्या आईला विचारा. पिठाला चिकटपणा नाही, भाकरी उचलली की तुटायची. रंग लालसर, चव निराळी. उपासमार तिने टाळली हे शंभर टक्के खरं, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावं. पण कागदावर एका गटात बसलेल्या दोन वस्तू परातीत एका गटात बसत नाहीत, हेही तितकंच खरं. गट करणाऱ्याने एकदा तरी परातीशी बसायला हवं.

याउलट एक गट मला शहाणपणाचा वाटतो. रॉकेल आणि गॅस. ज्याच्याकडे गॅस आला त्याच्या रेशनकार्डावर शिक्का बसे आणि रॉकेल कमी होई किंवा बंद होई. तेव्हा आपण कुरकुरलो. पण त्यामागचा विचार बरोबर होता. रॉकेल हे तेल आणि गॅस ही टाकी असं न बघता, चुलीखाली जे जळतं ते एक, असं बघितलं होतं. वस्तू दिसते कशी यावरून नव्हे, तर घरात ती काय काम करते यावरून गट पाडला होता.

आणि मोजण्याची गंमत आजच्या कायद्यातही आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य, तर सर्वांत गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो. आता पाचवीतल्या मुलालाही विचारता येईल असं गणित. सात माणसांपर्यंत अंत्योदय फायद्याचं. आठवं माणूस आलं, की त्या घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला पाच किलोपेक्षा कमी! सर्वांत गरीब म्हणून निवडलेलं घर मोठं असेल, तर त्यालाच तोटा. कुणाच्या मनात खोट नाही. एका ठिकाणी माणूस मोजला आणि दुसऱ्या ठिकाणी घर मोजलं, एवढंच.

म्हणून पुन्हा त्या ‘कमाल दोन नग’कडे येतो. मार्च २०२० मध्ये मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर केंद्र सरकारने आवश्यक वस्तूंत घातले, पाठोपाठ टाळेबंदी आली, आणि घराबाहेर न पडू शकणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांसाठी मोबाईलवरचं दुकान हेच एकमेव दुकान उरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडी माणशी तीन-तीन अशी मर्यादा घातली होती. म्हणजे असे प्रसंग येत राहणार. दुकान खासगी आहे, ते सरकार नव्हे, हे मान्य. त्याला आपला माल चार दिवस पुरवायचा असतो. पण टंचाईच्या दिवसांत मर्यादा घालणारा प्रत्येक जण, त्याला वाटो न वाटो, शिधावाटप अधिकारीच असतो.

आणि इथे जुनं रेशनकार्ड या नव्या दुकानापेक्षा एका बाबतीत पुढे होतं. मळकं, कोपरे दुमडलेलं, शिक्क्यांनी भरलेलं ते कार्ड आधी विचारायचं, घरात माणसं किती? मोबाईलवरचं दुकान खाती मोजतं. दोन माणसं आणि दोन मोबाईल असलेल्या घराला चार पिशव्या, आठ माणसं आणि एक मोबाईल असलेल्या घराला दोन. आपल्याला कुठला साबण आवडतो हे त्याला पाठ असतं, पण ताटं किती वाढायची हे ते विचारत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. नगाऐवजी वजन धरा. कंपनीऐवजी वस्तूचं घरातलं काम बघून गट करा आणि गटात निवड ठेवा. जे कुणी पर्याय म्हणून खाऊ शकत नाही, ते त्याच्यावर पर्याय म्हणून लादू नका. टंचाईपुरतं का होईना, घरातली माणसं विचारा. लोक खोटं सांगतील? काही सांगतील. रेशनकार्डावरही मेलेली माणसं वर्षानुवर्षं साखर खात होतीच की! म्हणून कुणी जिवंत माणसं मोजायचं सोडलं नाही.

असो. पुढच्या वेळी ती सूचना दिसली की वैतागण्याआधी एवढंच बघा, तिने काय मोजलंय.