नायिका : मनस्वी आणि सोशिक

एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांच्या नायिका सहसा दोन गटांत घातल्या जातात : आपल्या मनाने वागणाऱ्या आणि दुसऱ्यांच्या मर्जीने चालणाऱ्या. जेन ऑस्टिनच्या लागोपाठच्या दोन कादंबऱ्यांत ही वाटणी ठळक दिसते आणि तिथेच ती डळमळतेही.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मधली एलिझाबेथ बेनेट हजरजबाबी. आजारी बहिणीसाठी ती चिखल तुडवत तीन मैल चालून जाते. वडिलांमागे मिळकत दूरचा नातलग कॉलिन्स याच्याकडे जाणार, घरात पाच मुली, तरी ती त्याची मागणी धुडकावते. धाडस खरेच, पण आईने कितीही आकांडतांडव केले तरी वडील तिच्या बाजूचे असतात.

‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) मधल्या फॅनी प्राइसच्या पाठीशी असे कोणी नाही. दहाव्या वर्षी पोर्ट्समथहून श्रीमंत मावशीच्या घरी आलेली ही आश्रित पोर. दुसरी मावशी, मिसेस नॉरिस, तिला तिची पायरी दाखवून देण्याची एकही संधी सोडत नाही. फॅनी बोलते कमी, दमते लवकर, रडतेही. खुद्द ऑस्टिनच्या आईलाही ती मिळमिळीत वाटली होती. मात्र हेन्री क्रॉफर्डसारख्या जमीनदाराशी लग्नाला ती ‘नाही’ म्हणते आणि घर हादरते. मावशीचे यजमान सर टॉमस तिला कृतघ्न ठरवतात, आईबापांच्या गरिबीत काही दिवस काढले की डोके ठिकाणावर येईल म्हणून पोर्ट्समथला धाडतात. तरी ती बधत नाही. एलिझाबेथच्या नकारापेक्षा हा नकार कितीतरी महागात पडतो; फॅनीला दुबळी म्हणणारे नेमके हेच विसरतात.

शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ (१८४७) मधली जेन बंडखोरांची मेरुमणी मानली जाते. ज्याच्याशी लग्न ठरले त्या रॉचेस्टरची बायको हयात आहे हे कळताच ती जवळजवळ रिकाम्या हाताने त्याचे घर सोडते. परतते ती काकाच्या २०,००० पौंडांतले स्वतःच्या वाट्याचे ५,००० हाती असताना. तिच्या ताठ कण्यामागे हा पैसाही आहे. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये (१८४७–४८) निर्धन बेकी शार्प लबाडीवर तरते, तर भाबडी अमीलिया मेलेल्या नवऱ्याच्या आठवणी कवटाळून बसते.

मराठीत हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. वैधव्यानंतर तिच्या नायिकेचे, यमूचे, बळजबरीने केशवपन होते. सासरी तिच्या शब्दाला किंमत शून्य, पण कादंबरीतला शब्दन्‌शब्द तिचाच : आपली कहाणी ती स्वतः सांगते.